सुवर्णनियंत्रणाचा काळ व उतारवयातील नवी नोकरी

स्मरणिकेत पूर्वजांच्या वैभवाचे वर्णन करण्याचा प्रघात आहे व तो योग्यच होय. परंतु संकटकाळी त्यांनी दिवस कसे काढले, हेही पुढील पिढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे. म्हणून आपल्या सुवर्णकार ज्ञातीवर ओढवलेल्या अशा एका प्रसंगाची हकीकत येथे सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

१९६२ साली चीनचे आक्रमण झाले. परकीय चलनाची चणचण व सोन्याचा चोरटा व्यापार ही कारणे देऊन सरकारने जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी केले. मोरारजी देसाई त्या वेळी अर्थमंत्री होते. चौदा कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास मनाई झाली. चौदा कॅरटमध्ये सोन्याचा अंश शेकडा ५८ च्या आसपास असतो. उरलेली भर हिणकस धातूची. असे सोने हातोडीखाली ताठ राहते व त्याचा रंगही उतरलेला दिसतो. लेकीच्या लग्नात असा दागिना कोणती माता घालणार? गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि घरोघरच्या बागेसऱ्या थंडावल्या. देशभर मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले. कित्येक कारागिरांनी निराशेने जीवनयात्रा संपविली, हे दुःखदायक सत्य लपविणे इतिहासाशी प्रतारणा होईल.

पुढे सरकारने कर्जे, मुलांच्या शिक्षणास साहाय्य व नोकरीच्या वयोमर्यादेत सवलत देऊ केली. परंतु पिढीजात पेढीवर बसलेल्या चाळिशीपलीकडच्या माणसाने अर्ज हाती घेऊन दुसऱ्याच्या दारी उभे राहणे, ही गोष्ट सवलतीने सोपी होत नाही.

आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. आम्ही त्या वेळी तीन वर्षांचे होतो. पुढील वृत्तान्त तीर्थरूपांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलेला आहे. त्यांचे वय तेव्हा ४४, शिक्षण मराठी चौथी. नाव नोंदविण्यास ते एका कचेरीत गेले असता कारकुनाने शिक्षण विचारले व अर्जावर 'अकुशल' असा शेरा मारला. तीस वर्षे ज्या हातांनी केसासारखी तार ओढली, ते हात अकुशल ठरले! त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या मातोश्री त्यांस एवढेच म्हणाल्या, "सोनार म्हटल्यावर त्यांना दागिनाच दिसणार. तुम्हांला काय काय येते, ते सांगा की!"

पुढे मोजमापाची उपकरणे बनविणाऱ्या एका कारखान्यात ते गेले. तेथील तरुण फोरमनने विचारले, "बाबा, या वयात नवे काम जमेल का?" तीर्थरूपांनी शांतपणे उत्तर दिले, "साहेब, मी डाख लावतो, बारीक तार ओढतो, गुंजेच्या अंशापर्यंत वजन करतो. एखादा मोडका तुकडा द्या." फोरमनने पितळेची तुटलेली नळी पुढे केली. ती त्यांनी फुंकणी व चिमट्याच्या साहाय्याने अशी जोडली की सांधा शोधावा लागला. त्याच आठवड्यात ते कामावर रुजू झाले.

आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा मोजणाऱ्या माणसास मिलिग्रॅम व मिलिमीटर नव्याने शिकावे लागले. मुलाच्या वयाच्या माणसास साहेब म्हणावे लागले. पहिले तीन महिने जड गेले, असे ते सांगत. परंतु पुढे तीच तरुण मंडळी अवघड सांधा घेऊन त्यांच्याकडे येऊ लागली.

चौदा कॅरटचे बंधन १९६६ मध्ये उठले. १९६८ साली नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला व तो १९९० मध्ये रद्द झाला. काही बांधव पेढीवर परतले. तीर्थरूप मात्र निवृत्तीपर्यंत कारखान्यातच राहिले. त्यांची ऐरण आजही आमच्या घरी आहे.

हे सर्व आज सांगण्यास कारण आहे. यंत्रावर घडलेल्या तयार दागिन्यांमुळे हातकारागिरांचे काम घटले आहे, आणि इतर नोकऱ्यांतूनही पंचेचाळिशी-पन्नाशीचे बांधव एकाएकी घरी बसत आहेत. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, आपल्या धंद्याचे नाव क्षणभर बाजूस ठेवून त्यातील एकेक काम कागदावर लिहून काढावे. हिशेब, पारख, गिऱ्हाइकाशी बोलणे, हाताची सफाई, दुसऱ्याचा ऐवज सांभाळण्याची सचोटी, यांपैकी पुष्कळ गोष्टींची गरज अन्यत्रही असते. जे येत नाही ते धाकट्यांकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. आणि घरच्या मंडळींनी अशा दिवसांत 'आता या वयात काय' हे शब्द उच्चारू नयेत.

आत्मविश्वास वयाने जात नाही. आपल्यास काय येते याचा विसर पडला म्हणजे जातो. सोने मुशीत वितळते, तरी त्याचा कस जात नाही, हे आपल्या ज्ञातीस निराळे सांगावयास नको.