बूस्ट गेजच्या काट्याचे कंपन

बूस्ट गेज हे टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब दाखवणारे उपकरण आहे. इंजिन चालू असताना या उपकरणाचा काटा एका जागी स्थिर न राहता जलद थरथरतो, तेव्हा त्यास काट्याचे कंपन म्हणतात. हे कंपन बहुधा मॅनिफोल्डमधील हवेच्या स्पंदांमुळे, काही वेळा गेजच्या सैल बैठकीमुळे, तर क्वचित इंजिनातील किंवा टर्बोचार्जरच्या नियंत्रणातील दोषामुळे उद्भवते. पहिल्या दोन प्रकारांत कंपन शमवणे हाच उपाय असतो. तिसऱ्या प्रकारात मात्र ते धोक्याची सूचना असते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी कारणाचा निर्णय करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली पेटंटद्वारे मांडली. टर्बोचार्जर असलेल्या मोटारगाड्यांचे उत्पादन १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्यांपासून सुरू झाले. महाराष्ट्रात चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३) आणि रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सॉन (२०१७) ही टर्बो पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांची परिचित उदाहरणे आहेत. आजच्या बहुतेक गाड्यांच्या फलकावर स्वतंत्र बूस्ट गेज नसतो. हौशी चालक तो नंतर बसवून घेतात आणि कंपनाची तक्रार प्रामुख्याने अशा नंतर बसवलेल्या गेजांबाबत आढळते.

रचना

यांत्रिक बूस्ट गेजमध्ये सहसा बूर्दाँ नळी असते. फ्रेंच अभियंता युजेन बूर्दाँ यांनी १८४९ साली या नळीचे पेटंट घेतले. वक्राकार, चपटी आणि एका टोकास बंद असलेली ही धातूची नळी आतील दाब वाढल्यास किंचित उलगडते व दाब कमी झाल्यास आक्रसते. ही सूक्ष्म हालचाल दात्यांच्या साहाय्याने वाढवून काट्यापर्यंत पोहोचवली जाते. मॅनिफोल्डपासून गेजपर्यंत रबराची किंवा सिलिकोनची बारीक नळी जोडलेली असते. तबकडीवर शून्याच्या एका बाजूस निर्वात आणि दुसऱ्या बाजूस वाढीव दाब दर्शवलेला असतो. दाब बार किंवा पीएसआय या एककांत मोजतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय होय.

कंपनाची कारणे

हवेचे स्पंद : प्रत्येक सिलिंडरची प्रवेश झडप उघडताच मॅनिफोल्डमधील दाब क्षणभर घटतो. चार सिलिंडरच्या चार-घाती इंजिनात दर फेऱ्यास दोन वेळा हवा ओढली जाते. त्यामुळे मिनिटास ८०० फेऱ्यांच्या मंद गतीला सेकंदाला सुमारे २७, तर ३,००० फेऱ्यांना १०० स्पंद निर्माण होतात. मंद गतीचे स्पंद काट्याला अंशतः अनुसरता येतात, म्हणून पेट्रोल इंजिनात उभ्या गाडीत थरथर अधिक दिसते. नळी मॅनिफोल्डच्या सामाईक कक्षाऐवजी एकाच सिलिंडरच्या मार्गाला जोडलेली असल्यास स्पंद अधिक तीव्र होतात.

बैठकीचे कंपन : गेजची वाटी सैल असल्यास किंवा तिची नैसर्गिक कंप्रता इंजिनाच्या विशिष्ट गतीशी जुळल्यास अनुस्पंदन होते. अशी थरथर ठराविक फेऱ्यांनाच जाणवते व गती बदलताच नाहीशी होते.

खरा दोष : मंद गतीला काटा नियमित अंतराने खाली झटका खात असल्यास एखादी झडप नीट बसत नसण्याची किंवा एका सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत असण्याची शक्यता असते. केवळ वाढीव दाबाखाली काटा मागेपुढे हेलकावत असल्यास वेस्टगेटचे सदोष नियंत्रण किंवा संपीडकातील हवेचा प्रवाह उलटणे ही कारणे तपासावी लागतात.

निदान

यांत्रिक गेजसाठी पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१. इंजिन बंद असताना काटा शून्याजवळ स्थिर आहे का, हे पाहावे.
२. इंजिन बंद ठेवूनच गेजच्या मागील नळी काढावी, तिचे मोकळे टोक घट्ट बंद करावे आणि मग इंजिन सुरू करावे. गेजला दाब मिळत नसतानाही काटा थरथरत असेल तर कारण बैठकीत आहे. काटा शांत राहिल्यास कारण नळीतून येणाऱ्या दाबात आहे.
३. नळी पुन्हा जोडून मंद गती, स्थिर वेग आणि पूर्ण भार या तीन अवस्थांत काट्याचे वर्तन नोंदवावे. चालत्या गाडीतील निरीक्षण चालकाने न करता सोबतच्या व्यक्तीने करावे.
४. नळीला भेगा, मुरगळ किंवा सैल जोड आहेत का, हे तपासावे.

उपाय

बैठकीचे कंपन असल्यास वाटी घट्ट करून गेजभोवती रबराची पातळ पट्टी बसवतात. दोष हवेच्या स्पंदांचा असल्यास नळीत अवरोधक घालणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे. अवरोधक म्हणजे साधारणतः १ मिलिमीटर किंवा त्याहून लहान छिद्राचा पितळी तुकडा. त्यासाठी कार्बोरेटरचे लहान जेटही वापरले जाते. अरुंद छिद्रातून हवा सावकाश ये-जा करते. त्यामुळे जलद स्पंद गेजपर्यंत पोहोचता पोहोचता क्षीण होतात आणि सरासरी दाब तेवढा पोहोचतो. या क्रियेस अवमंदन म्हणतात. छिद्राऐवजी सच्छिद्र धातूची गाळणी किंवा फिरवून कमी-अधिक करता येणारी सूचीझडपही चालते. काही गेजांच्या कवचात ग्लिसरीन भरलेले असते. ते काट्याची आणि दात्यांची हालचाल मंदावते.

इलेक्ट्रॉनिक गेजमध्ये दाबाची नोंद संवेदक घेतो आणि थरथर बहुधा विद्युत जोडणीतून येते. सैल अर्थिंग, ज्वलन प्रणालीच्या तारांलगत नेलेली संवेदकाची तार आणि अस्थिर विद्युतपुरवठा या बाबी तेथे प्रथम तपासतात.

दक्षता

अवरोधक केवळ गेजकडे जाणाऱ्या स्वतंत्र शाखेतच बसवावा. मॅनिफोल्डमधून निघालेली नळी वेस्टगेट किंवा इंधनदाब नियंत्रकालाही जात असेल आणि अवरोधक दुभाजकाच्या आधी बसवला गेला, तर त्या भागांनाही दाब उशिरा कळतो. वेस्टगेट उशिरा उघडल्यास दाब मर्यादेपलीकडे जातो, पेट्रोल इंजिनात अकाली स्फोट होऊन ठोके पडतात आणि दट्ट्याला इजा पोहोचू शकते. ब्रेक बूस्टरच्या निर्वात नळीला गेज जोडणे टाळावे, कारण तेथील गळतीमुळे ब्रेकला मिळणारे साहाय्य घटते.

छिद्र अति लहान केल्यास काटा पूर्ण शांत दिसतो, परंतु दाबातील अल्पकालीन उसळी तो दाखवत नाही. ॲक्सिलरेटर दाबताच काटा विनाविलंब वर गेला पाहिजे. ओबीडी यंत्रावरील मॅनिफोल्ड दाबाच्या नोंदीतून स्थानिक वातावरणीय दाब वजा करून गेजच्या वाचनाची खातरजमा करता येते.

उंचीचा परिणाम

वातावरणीय दाबातील बदलामुळे गेजचे वाचन बदलते. हा बदल संथ असतो. त्याची कंपनाशी गल्लत करू नये. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथील वातावरणीय दाब सुमारे ०.९५ बार, तर किनाऱ्यावर तो सुमारे १.०१ बार असतो. समुद्रसपाटीच्या दाबाला शून्य मानणारा संवेदकयुक्त गेज शिवाजी पेठेत उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन बंद असतानाही, शून्याखाली सुमारे ०.०६ बार दाखवील. हा बिघाड नव्हे.

नियंत्रण संगणक मॅनिफोल्डमध्ये २ बार निरपेक्ष दाब राखत असल्यास भोवतालच्या दाबाशी तुलना करणारा यांत्रिक गेज कोल्हापुरात सुमारे १.०५ बार दाखवतो. तीच गाडी गगनबावड्याचा घाट उतरून कोकण किनाऱ्यावर पोहोचल्यावर वाचन सुमारे ०.९९ बार होते. दोन्ही ठिकाणी सिलिंडरला मिळणारा दाब मात्र समान असतो.

डिझेल इंजिनांतील फरक

बहुतेक डिझेल इंजिनांत हवेचा प्रवाह थ्रॉटल झडपेने रोखून इंजिनाची शक्ती नियंत्रित केली जात नाही. त्यामुळे मंद गतीला मोठा निर्वात निर्माण होत नाही आणि काटा शून्याजवळच राहतो. अशा गाडीत उभ्या अवस्थेत काटा जोराने थरथरत असल्यास प्रथम गेजची बैठक आणि नळीची जोडणी तपासणे इष्ट ठरते.