श्वासावरचा पहारा

मन शांत कसे ठेवावे हे शिकवणारी शिबिरे हल्ली तालुक्याच्या गावीही भरतात. श्वास मोजायला सांगणारी सोय मोबाइलवर आली आहे. त्यात वावगे काही नाही. पण ही विद्या काल-परवा बाहेरून आली, किंवा ती अमुकच एका धर्माची आहे, असे कोणी म्हणू लागले की मला आपल्याच मातीचा इतिहास सांगावासा वाटतो. मी वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावचा. घरात नमाज, गावात हरिपाठ आणि लिहायला मराठी, असे माझे जगणे. त्यामुळे हा इतिहास मला परका वाटत नाही.

सूफी साधकांमध्ये 'पास-ए-अन्फास' नावाची साधना आहे. तिचा अर्थ श्वासांवर पहारा. आत येणारा आणि बाहेर जाणारा एकही श्वास बेसावधपणे जाऊ द्यायचा नाही. नक्शबंदी परंपरेची दोन सूत्रेही प्रसिद्ध आहेत. 'होश दर दम' म्हणजे प्रत्येक श्वासात शुद्ध असणे, आणि 'खिलवत दर अंजुमन' म्हणजे माणसांच्या गर्दीत राहूनही आतून एकांतात असणे. या परंपरेतले बाबा शाह मुसाफिर 17व्या शतकात बुखाऱ्याकडून दख्खनेत आले आणि औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थिरावले. पाणचक्कीच्या आवारात त्यांची कबर आहे. सहलीला जाणारे आपण तिथे पाण्याची करामत पाहतो आणि परततो. ते नक्शबंदी साधकांचे ठाणे होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याच्याही आधीची कथा श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची. त्यांचे गुरू चांद बोधले. हेच चांद बोधले जनार्दनस्वामींचे गुरू, आणि जनार्दनस्वामी एकनाथांचे, असे परंपरा सांगते. म्हणजे एकाच झाडाच्या या दोन फांद्या. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ 1645 चा. वा. सी. बेंद्रे यांनी तो संपादून 1959 मध्ये प्रसिद्ध केला. नावात संग्राम असला तरी त्यात ना राजा आहे, ना किल्ला. ही लढाई माणसाची स्वतःच्या विकारांशी, धावणाऱ्या मनाशी आहे. त्यांच्या दुसऱ्या एका रचनेचे नावच 'पवनविजय'. पवन म्हणजे इथे आपला श्वास. स्वतःला 'अविंध' म्हणवणाऱ्या या कवीने योगाचा विचार मराठीत मांडला आणि वारकऱ्यांनी त्याला संतांच्या मांदियाळीत जागा दिली. अलीकडे त्यांच्या समाधीस्थानावरून वाद पेटले. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून त्या बातम्या वाचताना मला यातना होतात. ज्याने आयुष्यभर आतली लढाई शिकवली, त्याच्या दारात आपण बाहेरची लढाई मांडली आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तरुणपणी रामटेक, सालबर्डीच्या जंगलात ध्यानाला बसत. पण ते जंगलात राहिले नाहीत. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि एकट्याचे ध्यान त्यांनी गावाचे केले. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. रांगेत सगळे सारखे, जातीची वेगळी बैठक नाही. ज्या गावात पाण्याची विहीरही वेगळी होती, तिथे शेजारी शेजारी डोळे मिटून बसणे ही साधी गोष्ट नव्हती. सूफींचे ते सूत्र महाराजांनी उचलले असे माझे म्हणणे नाही. पण गर्दीतला एकांत म्हणजे काय, हे मला तिथेच उमगते.

महाराजांचे निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी झाले. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला त्याच मिनिटाला गुरुकुंजात मौन श्रद्धांजली वाहिली जाते. लाखोंचा समुदाय क्षणात निःशब्द होतो. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. एवढ्या माणसांनी एकदम गप्प होणे, यासारखे ध्यान मला दुसरे ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात आपला वाशीमही होता. कपाशी गेली, सोयाबीनला भाव नाही, सावकार दारात उभा, अशा माणसाला 'शांत बैस, श्वास मोज' असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. कर्ज ध्यानाने फिटत नाही. तुकडोजी महाराजांनाही हे पक्के ठाऊक होते. म्हणून तर त्यांच्या 'ग्रामगीते'त शेती, आरोग्य, ग्रामसफाई, शिक्षण असे सगळे येते. ध्यान करून उठलेल्या हातात त्यांनी खराटा दिला.

तरीही तो एक श्वास लागतोच. संकटात माणूस एकटा पडतो, तेव्हा टोकाच्या विचारात आणि कृतीत एका क्षणाचे अंतर असते. तो क्षण रोखून धरायची सवय असली, आणि तेवढ्यात शेजारी येऊन बसला, तर पुष्कळ काही वाचू शकते. शेख महंमदांचा संग्राम त्या एका क्षणाचा आहे आणि महाराजांची रांग त्या शेजाऱ्याची. दोन्ही आपल्याच आहेत. त्या विकत आणाव्या लागत नाहीत आणि कोणाची परवानगीही लागत नाही. गावात संध्याकाळी चार माणसे अजून एकत्र बसतात, तेवढी बैठक मात्र मोडू देऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)