जर ती विमाने समुद्रावर गेली असती

इतिहासाच्या अभ्यासकाने ‘जर-तर’च्या वाटेस जाऊ नये, असा एक दंडक आहे. घडले ते घडले. न घडलेल्याचा हिशेब कोणी आणि कसा मांडावा? तरीही हा मोह भल्याभल्यांना आवरलेला नाही. १९३१ साली जे. सी. स्क्वायर यांनी अशा कल्पित इतिहासाचा एक संग्रहच इंग्रजीत प्रसिद्ध केला. आपल्या कॅथलिक वाचकांना परिचित असलेले चेस्टरटन, बेलॉक आणि फादर रोनाल्ड नॉक्स हे तिघेही त्या संग्रहात होते, आणि त्यांच्या पंगतीला विन्स्टन चर्चिलही होते. अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गची लढाई, हा चर्चिल यांचा विषय. पुढे दहा-अकरा वर्षांनी पंतप्रधान म्हणून त्याच चर्चिल यांच्यापुढे एक निवड उभी राहिली. तिच्यातला ‘जर’ आम्हांला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. प्रश्न होता काही मोजक्या विमानांचा.

१९४२ साली जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची हजाराहून अधिक व्यापारी जहाजे, म्हणजे साठ लाख टनांवर जहाजवाहतूक, बुडविली. ब्रिटनचे अन्न आणि तेल समुद्रमार्गे येत असे. आइसलँड, उत्तर आयर्लंड आणि न्यूफाउंडलँड येथून उडणारी विमाने जहाजांच्या ताफ्यांवर पहारा ठेवीत. पण अटलांटिकच्या मध्यभागी शेकडो मैलांची एक पोकळी अशी होती, की तेथे एकही साधे विमान पोहोचत नसे. पाणबुड्या तेथेच दबा धरून बसत. त्या काळची पाणबुडी पृष्ठभागावर ताशी सतरा सागरी मैल धावे, पण पाण्याखाली जेमतेम सात. डोक्यावर विमान दिसले की तिला बुडी मारावी लागे आणि ताफा पुढे निघून जाई. म्हणजे विमानाने पाणबुडी बुडविलीच पाहिजे असेही नव्हते. त्याने तेथे असणे पुरेसे होते.

ती पोकळी भरून काढू शकेल असे विमान उपलब्ध होते. अमेरिकेत बांधलेले ‘लिबरेटर’ जादा इंधन घेऊन तेथवर जाऊ शके. परंतु १९४३ च्या प्रारंभी उत्तर अटलांटिकवर अशी विमाने दोन डझनही नव्हती. ब्रिटिश बनावटीचे ‘लँकेस्टर’ही समुद्रावर निरुपयोगी नव्हते. १९४२ च्या जुलैत बिस्केच्या उपसागरात एक पाणबुडी बुडविण्यात तात्पुरत्या उसन्या दिलेल्या लँकेस्टरचा हात होता. मात्र फेब्रुवारी १९४२ पासून धोरण ठरले होते, ते जर्मन शहरांवर सरसकट बाँबवर्षावाचे. मे अखेरीस एका रात्रीत हजारावर विमाने कोलोन या प्राचीन कॅथलिक नगरीवर पाठविण्यात आली. समुद्रावरील टेहळणीचे प्रमुख जूबर्ट विमाने मागत राहिले. बाँबफेकी दलाचे प्रमुख हॅरिस यांचा त्याला विरोध राहिला. नव्या, सूक्ष्म लहरींच्या रडारचेही तेच. पाणबुडी हुडकण्यास आणि शहर हुडकण्यास एकच शोध उपयोगी होता, आणि त्याचे पहिले संच कोणास द्यावेत यावर वाद माजला.

पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी त्या काळी आकडेमोड केली. तिचा आशय असा : आइसलँडहून उडणारे एक लिबरेटर आपल्या सेवाकाळात निदान सहा जहाजे वाचवी; तेच बर्लिनवर धाडले तर ते शंभर टनांहून कमी बाँब टाकी, काही घरे पाडी आणि फार तर दोन डझन स्त्री-पुरुष-मुले मारी. इतका स्पष्ट ताळेबंद इतिहासात क्वचितच सापडतो.

मार्च १९४३ मध्ये एकमेकांजवळ आलेल्या दोन ताफ्यांतील बावीस जहाजे बुडाली, तेव्हा कोठे विमाने वाढू लागली. मे महिन्यात जर्मनीने एकेचाळीस पाणबुड्या गमावल्या आणि २४ तारखेस सेनानी ड्यॉनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. श्रेय केवळ विमानांचे नव्हे. छोट्या विमानवाहू नौका, नवे रडार, गुप्त संदेशांची उकल यांचाही त्यात वाटा होता. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९४२ साली जर्मनीवर थेट प्रहार करण्याचे दुसरे साधन ब्रिटनपाशी नव्हते, आणि बाँबफेकी दलाच्या पंचावन्न हजारांहून अधिक तरुणांनी आपले प्राण दिले. त्यांची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण जी विमाने हवी होती ती हजारांनी नव्हे, डझनांनी मोजण्याजोगी होती.

या ‘जर’चा एक धागा आपल्या भूमीपर्यंत येतो. जहाजांच्या टंचाईमुळे जानेवारी १९४३ मध्ये हिंदी महासागरातील फेऱ्यांत मोठी कपात करण्यात आली. त्याच वर्षी बंगाल भुकेने मरत होता. बळींचा अंदाज वीस ते तीस लाखांचा आहे. धान्य मागितले की उत्तर येई, जहाजे नाहीत. जहाजे वाचली असती तर बंगाल वाचला असता, असे आम्ही म्हणणार नाही. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, साठेबाजी होती, भाववाढ होती, आणि मुख्य म्हणजे राज्यकर्त्यांची इच्छा दुबळी होती. परंतु ‘जहाजे नाहीत’ ही सबब तरी त्यांच्या हाती उरली नसती.

१९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरू जॉन फोर्ड यांनी शहरे बेचिराख करणे नीतिशास्त्रास मान्य नाही, असे निक्षून लिहिले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपूर्ण शहरांचा रहिवाशांसह विध्वंस हा देव आणि मानव यांच्याविरुद्धचा गुन्हा ठरविला. तो निवाडा केवळ नंतरचे शहाणपण आहे का? नाही. दुसरी वाट त्या काळीच दिसत होती, कागदावर मांडलेली होती, आणि ती लष्करी दृष्ट्याही अधिक शहाणपणाची होती.

म्हणूनच इतिहासातला ‘जर’ आम्हांला पोरखेळ वाटत नाही. जे घडले ते अटळच होते असे मानले, की कोणीच उत्तरदायी उरत नाही. पापनिवेदनास येणारा मनुष्य ‘मला वेगळे वागता आले असते’ असे मान्य करतो, तेथूनच त्याचा पश्चात्ताप सुरू होतो. राष्ट्रांचेही तसेच असावे. विमान तेच, रडार तेच, वैमानिकही तेच. त्यांना खलाशांच्या रक्षणास धाडायचे की झोपलेल्या शहरावर, हे माणसांनी बैठकीत बसून ठरविले. शस्त्राला विवेक नसतो. तो शस्त्र पाठविणाऱ्यापाशी असावा लागतो.