दहावी झाली, पोराला अप्रेंटिसला लावायचंय

दहावीचा निकाल लागला की आमच्या सासवडच्या एसटी स्टँडवर दोन प्रकारचे बाप भेटतात. एक पोराला घेऊन अकरावीच्या चौकशीला पुण्याला निघालेले. दुसरे जवळ येऊन हळूच विचारतात, "पत्रकारसाहेब, कंपनीत अप्रेंटिसला घेतात का कुठं? ओळख असली तर बघा की." आजची पोस्ट या दुसऱ्या बापांसाठी. थोडी लांब आहे, पण घरात दहावी झालेला पोरगा किंवा पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

पुण्यात १९६१ म्हटलं की पानशेत. १२ जुलैला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत संसदेने एक कायदा केला, त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१. तो १ मार्च १९६२ ला लागू झाला. पुढे पाच महिन्यांनी, १ ऑगस्टला, एमआयडीसी स्थापन झाली. शहर पुरातून सावरत होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांचे पत्रे चढत होते.

त्याआधी कायदा नव्हता असं नाही. इंग्रजांनी १८५० साली एक केला होता, मुख्यतः अनाथ आणि गरीब पोरांसाठी. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला करार करून मालकाकडे बांधायचं, जास्तीत जास्त सात वर्षं. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल निघालं. तेच आजचं सीओईपी. पण ते होतं सरकारी बांधकामांवर लागणारे दुय्यम अधिकारी तयार करायला. १८६९ ला खडकीत दारूगोळा कारखाना आला, १९४६ ला तिथेच किर्लोस्कर ऑईल इंजिन्स. साध्या वर्कशॉपमध्ये मात्र पोरगं शिकायचं ते उस्तादाच्या हाताखाली. आधी चहा आणायचा, मग चिंधीनं मशीन पुसायचं, आणि उस्तादाची मर्जी बसली तर कधीतरी कानस हातात मिळायची.

साठच्या दशकात उस्ताद पुरेनासे झाले. एकाच भागात एवढे कारखाने, आणि काम असं की एका जॉबमध्ये केसाएवढा फरक पडला तर पुढची जुळणी अडते. म्हणून नव्या कायद्याने शिकवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. मूळ कायद्यात स्पष्ट होतं की ५०० किंवा जास्त कामगार असतील तर मूलभूत प्रशिक्षणासाठी वेगळी इमारत किंवा वर्कशॉपचा वेगळा भाग हवा. म्हणजे उत्पादनाच्या गडबडीत पोराला ढकलायचं नाही, आधी शिकवायचं. टेल्कोचंच बघा. सुमंत मुळगावकरांच्या काळात कंपनीने १९६६ च्या सुमारास पिंपरीत पाय रोवला. पुण्यात बनलेलं पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडायला १९७७ उजाडलं. पोरं शिकवायला मात्र त्याच्या कितीतरी आधीच सुरुवात झाली होती.

ते शिकणं कसं असायचं, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. पहिले काही आठवडे नुसती कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की परत घासायचा. हाताला फोड यायचे. मग मार्किंग, हॅक्सॉ, ड्रिलिंग, मग लेथ. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचता आलं पाहिजे, मायक्रोमीटरवर ०.०१. शेवटी परीक्षा, आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. शाळेत गणितात काठावर पास झालेला पोरगा इथं शंभरावा भाग मोजायला लागायचा. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा पहिला पक्का पगार या कानशीतून आला.

आता मुद्द्याची गोष्ट. या कायद्याचं कलम १८ सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्यामुळे कामगार कायदे त्याला लागू नाहीत. कलम २२ सांगायचं की शिकून झाल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नाही. तेव्हा हे कुणाला फारसं खटकलं नाही, कारण कारखाने वाढत होते आणि शिकवलेला हात त्यांनाच हवा होता. पुढे भरती आटली, परमनंटच्या जागी कंत्राटी आला. वाद कोर्टात गेला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एसटीच्या खटल्यात म्हटलं की बाकी सगळं सारखं असेल तर तिथे शिकलेल्या उमेदवाराला प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हटलं, हक्क नाही.

२०१४ ला कायदा बदलला. मालकाला तुरुंगवासाची तरतूद होती ती गेली, दंड राहिला. शिकलेल्यांना घेण्याबाबत कंपनीने आपलं धोरण आपणच ठरवायचं. २०१६ ला केंद्राची योजना आली, त्यात विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. २०१९ पासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. त्याच वेळी दहावी पासला पहिल्या वर्षी किमान ६,००० रुपये ठरले.

आकडे चांगले दिसतात. पण गेल्या वर्षी आमच्या शेजारचा पोरगा एका कारखान्यातून वर्ष काढून आला. विचारलं, काय शिकलास? म्हणाला, "काका, प्रेसचं बटण दाबायचो. दोन हातांनी." बोट मशीनमध्ये जाऊ नये म्हणून दोन बटणं असतात, तेवढंच त्याला माहीत. वर्षभर एकच मशीन, एकच पार्ट. परीक्षा नाही. कागद बघितले तर तो अप्रेंटिस नव्हताच. ठेकेदाराच्या वहीत 'ट्रेनी' होता. म्हणजे कामगार नाही म्हणून कामगाराचे हक्क नाहीत, आणि कायद्याचा शिकाऊ नाही म्हणून प्रमाणपत्रही नाही.

सगळे मालक असेच, असं मी म्हणणार नाही. भोसरीत दहा माणसांचं वर्कशॉप चालवणारा आजही पोराला शेजारी उभं करून ड्रॉइंग वाचायला शिकवतो. त्याची तक्रारही खरी आहे. पोरगा तयार झाला की हजार रुपये जास्त देणाऱ्याकडे जातो. पण जिथं शिकवणंच नाही तिथं 'शिकाऊ' हा शब्द वापरून स्वस्तात माणूस मिळवायचा, ही पळवाट बंद व्हायला हवी. कामगार नव्हे असं कायद्याने म्हटलं ते तो शिकतोय म्हणून. शिकवत नसाल तर तो कामगारच आहे, त्याला कामगाराचा पगार द्या.

तोवर आपण काय करायचं? जायच्या आधी विचारा. करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का, त्याची प्रत मिळेल का? ट्रेड कोणता, आणि मूलभूत प्रशिक्षण कुठं? शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का? लागलं-खुपलं तर भरपाई कोण देणार? कायद्याने शिकाऊला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, आणि कारखान्यांसाठीचे आरोग्य-सुरक्षेचे नियम त्यालाही लागू आहेत. नगावर पैसे देता येत नाहीत. परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही.

परवा स्टँडवर भेटलेल्या एका बापाला मी हे प्रश्न बातमीच्या कागदामागे लिहून दिले. त्याने घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाला, "एवढं विचारलं तर घेतील का पोराला?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. पण जो एवढ्या प्रश्नांनी बिचकतो, तो पोराला काय शिकवणार?

तुमच्यापैकी कुणी कानस घासून वर आलं असेल, किंवा कुणाच्या पोराला नुसतं बटण दाबायला लावलं असेल, तर लिहा. कंपनीचं नाव नको, काय शिकवलं तेवढं सांगा.