जुम्म्याचा हिशेब

माझे दादा, म्हणजे आजोबा, इतिहास सांगायचे तो तारखांशिवाय. ‘निजामाच्या राज्यात’, ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ एवढ्या खुणांवर त्यांचं सगळं बीड उभं होतं. बिंदुसरेकाठच्या आमच्या मोहल्ल्यातला मकतब, म्हणजे मशिदीतली कुराणाची शाळा, कधी सुरू झाला असं विचारलं की म्हणायचे, मशिदीचा हौद बांधला त्याच्या पुढल्या पावसाळ्यात.

त्यांचं स्वतःचं शिकणं दोन ठिकाणी झालं. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर मशिदीच्या ओसरीत ‘कायदा’ हे अक्षरओळखीचं पुस्तक आणि कुराण, दिवसा निजाम सरकारची शाळा. त्या शाळा म्हणजे तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा चढत्या टप्प्यांच्या, माध्यम उर्दू. १९१८ साली हैदराबादला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवणारं, त्यामुळे खालपासून वरपर्यंत एकच वाट. दादांच्या शेजारी जोशांचा मुलगा बसायचा आणि त्याचं उर्दू अक्षर वर्गात सगळ्यांत देखणं, हे ते मोठ्या कौतुकानं सांगत. मराठी घरांतल्या पोरांवर ही भाषा लादलेली होती, हे मात्र त्यांनी कधी नाकारलं नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं आणि ती वाट मोडली. कचेऱ्यांची भाषा बदलली, उर्दूत अर्ज लिहून पोट भरणारे घरी बसले. त्या दिवसांत इथल्या गावांत मुसलमानांवर काय गुदरलं ते केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं फिरून लिहून ठेवलं, आणि तो अहवाल कितीतरी दशकं बंद राहिला. दादीचे मामा तेव्हा घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. ती त्याबद्दल एवढंच बोलायची आणि मकतबकडे वळायची. घाबरलेल्या आईबापांनी पोरांना सरकारी शाळेत पाठवणं थांबवलं आणि पहाटेचा तासाभराचा मकतब दिवसभराचा झाला. जे ओझं उचलायला तो कधी उभारलाच नव्हता, ते त्याच्यावर येऊन पडलं. मकतबात गणित का नाही, मराठी का नाही, असं विचारणाऱ्यांनी दादीची ही हकिकत ऐकायला हवी होती.

मकतबचा कारभार पाच बुजुर्गांच्या कमिटीचा. उस्ताद देवबंदला शिकून आलेले. १८६६ साली तिथला दारुल उलूम उभा राहिला तेव्हा मौलाना कासिम नानोतवींनी आठ उसूल घालून दिले. मदरसा सामान्य माणसांच्या चंद्यावर चालावा, कायमच्या मिळकतीवर विसंबू नये, सरकार आणि श्रीमंत यांचा हात त्यात नसावा, निर्णय सल्ल्यानं व्हावेत, असा त्यांचा रोख. उस्तादांनी ते सगळं मनावर घेतलं होतं. जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजनंतर हिशेब मोठ्यानं वाचला जायचा. कुणाची दोन पायल्या ज्वारी, कुणाचे चार आणे, कंदिलाला रॉकेल इतक्याचं, उस्तादांचा पगार इतका, त्यातला थकलेला इतका. थकबाकी ऐकून माणसं खजील व्हायची आणि महिन्याच्या आत ती फिटायची.

शाबान महिन्यात परीक्षेचा जलसा. परगावचा हाफिज परीक्षक म्हणून यायचा, कुराण कुठूनही उघडायचा, एक आयत म्हणायचा. पोरानं तिथून पुढं म्हणत जायचं. समोर सगळा मोहल्ला. इथं लपवायला जागाच नाही. गरिबातल्या गरीब मकतबातही हिफ्ज, म्हणजे कुराणाचं पाठांतर, पक्कं राहिलं ते यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं. उर्दू शुद्धलेखन, हिशेब, मराठी वाचन यांचा जलसा कधी झाला नाही, आणि ते विषय कच्चे राहिले.

जमिनीचा हिशेबही जुम्म्याला वाचला जात नसे. मशिदीच्या सेवेसाठी मिळालेली खिदमतमाश इनामी जमीन होती, बटाईनं दिलेली. इथं दादा आवाज उतरवायचे. चंदा आपल्या खिशातून जातो म्हणून माणूस विचारतो, इनामाचं उत्पन्न कुणाच्याच खिशातलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. पुढं अशा जमिनींवर देखरेखीला मराठवाड्याचं वक्फ मंडळ आलं, २००२ मध्ये राज्याचं झालं, कचेरी औरंगाबादला. तरीही बीड जिल्ह्यातल्या इनामी जमिनी बेकायदा खालसा करून विकल्याचे गुन्हे अलीकडच्या वर्षांत नोंदवावे लागले. त्यांत देवस्थानांच्याही जमिनी आहेत. त्या जमिनींच्या उत्पन्नावर किती पोरं शिकली असती, या विचारानं मला आजही संताप येतो.

मी मशिदीतल्या मकतबात शिकले नाही. आम्हा मुलींना आपाजी त्यांच्या घरी शिकवायच्या, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर. कुणाचा कुराणाचा कितवा पारा चालू आहे ते चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं असे. मागे पडलेल्या मुलीला त्या स्वयंपाक करता करता पुन्हा बसवून घ्यायच्या. एका मुलीचं शिकणं त्यांनी अर्धवट सोडलेलं मला आठवत नाही. पगार नव्हता, रसीदबुकात नाव नव्हतं, कमिटीत जागा तर नव्हतीच.

आज मकतबची नोंद धर्मादाय कार्यालयात आहे, कागदपत्रं नीट आहेत. जुम्म्याचं हिशेबाचं वाचन मात्र बंद पडलं. सच्चर समितीनं २००६ साली दाखवून दिलं की शाळेच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. आमच्याकडची अशी मुलं हमालांची, ऊसतोडीला गेलेल्यांची. २०१५ मध्ये राज्य सरकारनं गणित-विज्ञान न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरायचं ठरवलं, तेव्हा मोहल्ला दुखावला. मीही दुखावले. पण कमिटीत त्या विषयांवर नंतरही चर्चा झाली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० रुपये आणि बी.एड. शिक्षकांचं ८,००० वरून १८,००० करायचा निर्णय झाला. चांगलंच झालं. पण आमच्या मशिदीच्या ओसरीत कुराण शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांना चंद्यातून मिळतं ते याच्या जवळपासही नाही.

येत्या शाबानसाठी मी कमिटीला लेखी दिलं आहे. हिफ्जनंतर त्याच मंचावर परगावचे मराठीचे आणि गणिताचे मास्तर बोलवा. त्यांना पुस्तक कुठूनही उघडू द्या. पगार आणि जमिनीचं उत्पन्न जुम्म्याला वाचा, आणि तोच कागद मुलींच्या मकतबच्या दारावर लावा, म्हणजे बायकांनाही कळेल. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, पगाराचा आकडा असा चारचौघांत आला तर उस्तादांची बेइज्जती होईल. दादांच्या वेळी तो दर आठवड्याला वाचला जायचा आणि म्हणूनच थकबाकी फिटायची, असं मी त्यांना सांगितलं. पुढच्या मीटिंगला आपाजींची सून माझ्याबरोबर येणार आहे. मुलींना आता ती शिकवते, आणि स्वतःच्या पगाराचं तिला विचारायचं आहे.