तळटीप : आमसुलाचे पाणी

अंगावर पित्त उठले असता जे लावतात ते आमसूल म्हणजे कोकण-गोव्यातील रातांब्याची (गार्सिनिया इंडिका) साल असून ती फळाच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवली जाते. सालीचा गडद लाल रंग अँथोसायनिन या पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्यांचा, तर आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा असतो; हे आम्लच रंग लाल राखते, आणि त्यात खाण्याचा सोडा पडल्यास लाली जाते. सालीतील गार्सिनॉल हे पिवळे संयुग मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत ते अल्कोहोलसारख्या द्रावकाने वेगळे करावे लागते. अँथोसायनिन व गार्सिनॉल ही दोन्ही ऑक्सिडीकरणरोधक आहेत, म्हणजे जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनमुळे अतिक्रियाशील झालेल्या मुक्त मूलकांना हायड्रोजन अथवा इलेक्ट्रॉन देऊन ती शांत करतात. डीपीपीएच नावाच्या स्थिर मूलकाचे जांभळे द्रावण अशा पदार्थाने पिवळे पडते, आणि रंग किती उतरला यावरून क्रियेचे माप घेतले जाते. परंतु हे माप परीक्षानळीतील आहे. पचन, शोषण आणि यकृतातील रूपांतर यांतून गेल्यावर तेवढाच गुण उरतो असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय गार्सिनॉलवरील प्रयोगांचे श्रेय घरगुती आमसुलाच्या पाण्याला देणे, जसे अनेक लोकप्रिय पुस्तकांत सर्रास दिले जाते, सर्वथा चुकीचे आहे, कारण त्या पाण्यात रंगद्रव्य व आम्ल भरपूर उतरते, गार्सिनॉल नाममात्रच.