मामाची सही आणि पावलोव्हचे कुत्रे

२००८ सालची गोष्ट. डोंबिवलीच्या मामाने पेन्शन काढायला स्लिप भरली आणि बँकेने ती परत केली. सही जुळेना! मामा रेल्वेत कारकून, अक्षर मोत्यासारखं. मामी म्हणाली, "दिवसा घोरतात, रात्री टक्क जागे. वय झालं, दुसरं काय!" दोन दिवसांनी मामाने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. मग मात्र रिक्षा केली आणि त्याला कल्याणला दाखवलं.

मामाला लिव्हर सिरॉसिस होता. आयुष्यात दारूचा थेंब नाही, पण मधुमेह आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी. डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितलं. पंजे पंखांसारखे फडफडले. मग मामीला दोनच प्रश्न, "पोट कधी साफ झालं? झोपेची गोळी देता का?" चार दिवस पोट साफ नव्हतं, आणि गोळी रोज चालू होती.

मामी रडवेली झाली. "पथ्य तर कडक पाळलं हो. डाळ, दूध सगळं बंद केलंय!"

"तेच आता सुरू करायचं," डॉक्टर म्हणाले.

हे पथ्य आलं कुठून, ते मी नंतर शोधत बसलो. काविळीच्या असाध्य लक्षणांत तंद्रा आणि मोह चरकसंहितेतही आहेत. पण पथ्याचा धागा थेट रशियात जातो. १८७७ मध्ये निकोलाय एकने कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून आतड्यांकडून येणारं रक्त लिव्हरला वळसा घालून नेलं. १८९३ मध्ये पावलोव्ह (हो, तोच घंटावाला!) आणि सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांना मांस दिलं, तर ते बिथरले, अडखळले, बेशुद्ध पडले. प्रथिनांपासून आतड्यांत अमोनिया तयार होतो. एरवी लिव्हर त्याचा युरिया करतं. इथे तो रक्तातून मेंदूपर्यंत पोचत होता.

१९५४ मध्ये लंडनच्या शीला शेरलॉक यांनी माणसांतल्या या विकाराचं सविस्तर वर्णन केलं. उपचारांत प्रथिनं कमी करणं आलंच, आणि ते पुढे कित्येक वर्षं टिकलं. १९६६ पासून लॅक्ट्युलोज हे पोट साफ ठेवणारं गोड औषध आलं, तरी डाळ बंदच! २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना पुरेशी प्रथिनं देऊन पाहिली. काही बिघडलं नाही. उलट, अमोनिया निकामी करायला स्नायूही मदत करतात, आणि उपासमारीने तेच झडतात.

म्हणजे आम्ही प्रेमाने मामाला उपाशी ठेवत होतो आणि खरे चोर घरात मोकळे फिरत होते. बद्धकोष्ठ, झोपेची गोळी. शिवाय जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव, आणि जलोदरासाठी लघवीच्या गोळ्या घेऊन अंगातलं पाणी जास्त कमी होणं, हेही त्याच टोळीतले.

आठवड्याभरात मामा ताळ्यावर आला. त्यानंतर तीन वर्षं जगला, वरण-भात खाऊन. मामी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "मी म्हातारपण समजले रे..."

तुमच्या घरात लिव्हरचा जुना रुग्ण असेल तर एवढंच करा. अधूनमधून त्याला सही करायला सांगा.